डॅन्यूबच्या वळणावरचे गाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जर्मनीचा नकाशा समोर ठेवला तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. ऱ्हाइन, वेझर, एल्ब अशा तिथल्या मोठ्या नद्या उत्तरेकडे वाहतात आणि उत्तर समुद्राला मिळतात. डॅन्यूबची तऱ्हा मात्र निराळी. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात उगम पावून ती पूर्वेची वाट धरते आणि सुमारे २,८५० किलोमीटरचा प्रवास करून थेट काळ्या समुद्राला जाऊन मिळते. सुरुवातीला ती ईशान्येकडे चढत जाते, आणि मग एका ठिकाणी कोपरासारखी वळून आग्नेयेकडे उतरू लागते. तिच्या साऱ्या प्रवाहातले हे सर्वांत उत्तरेचे टोक. नेमक्या याच वळणावर एक गाव वसले आहे. त्याचे नाव रेगेन्सबुर्ग.

इंग्रजीत या गावाला रॅटिस्बन म्हणत. ज्यांनी ब्राउनिंगची नेपोलियनच्या छावणीवरची कविता वाचली असेल, त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. एरवी म्युनिक, बर्लिन, हायडेलबर्ग ही नावे आपल्या कानांवर जितकी येतात, तितके रेगेन्सबुर्ग येत नाही. आज ते दीड लाखाहून थोडी अधिक वस्ती असलेले, बव्हेरिया राज्यातले एक नीटनेटके शहर आहे. पण एक काळ असा होता की म्युनिकचे नावही नव्हते तेव्हा रेगेन्सबुर्ग ही बव्हेरियाची राजधानी होती. युरोपातले व्यापारी, सम्राट, बिशप आणि वकील इथे येत, भांडत, तह करीत आणि कर्जबाजारीही होत.

आधी जागा पाहू, कारण या गावाचा निम्मा इतिहास त्याच्या जागेतच दडलेला आहे. गावाच्या थोडे वर, पश्चिमेला, उत्तरेकडून येणारी नाब नदी डॅन्यूबला मिळते. पुढे गावासमोरच रेगेन नावाची दुसरी नदी येऊन मिळते. जर्मन भाषेत 'रेगेन' म्हणजे पाऊस. त्यामुळे रेगेन्सबुर्ग म्हणजे पावसाचा किल्ला, असे कोणालाही वाटेल. पण पावसाचा इथे संबंध नाही. नदीचे नाव जुने आहे आणि गावाचे नाव त्या नदीवरून पडले आहे.

पश्चिमेला चुनखडीच्या टेकड्या आहेत. ईशान्येला बव्हेरियन फॉरेस्टचे, ग्रॅनाइट आणि नाइस या प्राचीन खडकांचे डोंगर सुरू होतात. आग्नेयेला मात्र गॉयबोडेन नावाचे सपाट, सुपीक मैदान पसरले आहे. डोंगरातले लाकूड, टेकड्यांतला दगड आणि मैदानातले धान्य या तिन्ही गोष्टी ज्या ठिकाणी हाताशी येतात, ते हे गाव. शिवाय रेगेनच्या खोऱ्यातून वर गेले की बोहेमियाची, म्हणजे प्रागची वाट. दक्षिणेला आल्प्सच्या खिंडी ओलांडल्या की इटली. नदीने खाली उतरले की व्हिएन्ना आणि हंगेरी. अशा जागी गाव वसले नसते तरच नवल.

ही जागा हेरली ती रोमन लोकांनी. डॅन्यूब ही त्यांच्या साम्राज्याची उत्तर सीमा होती. नदीपलीकडच्या मार्कोमानी टोळ्यांशी सम्राट मार्कस ऑरेलियसची दीर्घ युद्धे झाली. त्या धामधुमीत त्याने सुमारे ६,००० सैनिकांची एक आख्खी पलटण इथे आणून बसवली. तिचे नाव तिसरी इटालिका. तिच्यासाठी इ. स. १७९ मध्ये दगडी तट, दरवाजे आणि बुरूज असलेला तळ बांधून पुरा झाला. तसा लेख कोरलेल्या शिळा आजही तिथल्या संग्रहालयात आहेत. एखाद्या गावाचा जन्मदाखला दगडावर कोरून जपलेला असावा, हे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला येते. छावणीचे नाव होते कास्ट्रा रेगिना, म्हणजे रेगेनकाठची छावणी. तिचा नदीकडे तोंड असलेला दरवाजा, पोर्टा प्रेटोरिया, पुढे नव्या बांधकामांच्या पोटात गडप झाला होता. एकोणिसाव्या शतकात तो पुन्हा उजेडात आला. आज त्याच्या कमानीला हात लावून पाहता येतो.

रोमन गेले, पण त्यांचे तट राहिले. आयत्या मिळालेल्या त्या भिंतींच्या आड बव्हेरियाच्या ड्यूकांनी आपले ठाणे केले. इ. स. ७३९ मध्ये संत बॉनिफेसने इथे बिशपचे पीठ स्थापन केले. आल्प्सच्या खिंडींतून इटलीचे रेशीम आणि मसाले येऊ लागले. बोहेमिया आणि थेट कीव्हपर्यंत इथल्या व्यापाऱ्यांचे धागे जुळले. पैसा आला की माणसाला तो दाखवावासा वाटतो. इथल्या धनिक घराण्यांनी इटालियन शहरांच्या धर्तीवर आपल्या वाड्यांना उंच उंच मनोरे बांधले. संरक्षणापेक्षा शेजाऱ्यावर छाप पाडणे हाच त्यांचा मुख्य उपयोग. असे कितीतरी मनोरे अजून उभे आहेत. रुंटिंगर नावाच्या एका व्यापारी घराण्याची १३८३ ते १४०७ या काळातली हिशेबाची वही टिकून राहिली आहे. सहाशे वर्षांपूर्वी कोणता माल कुठून कुठे जात होता, याची जणू खिडकीच तिच्यातून उघडते.

पण या गावाचे खरे वैभव म्हणजे त्याचा दगडी पूल. ११३५ च्या उन्हाळ्यात फार कोरडे पडले होते आणि डॅन्यूबचे पाणी खूप उतरले होते, असे सांगतात. ती संधी साधून पुलाचे काम सुरू झाले आणि ११४६ मध्ये ते संपले. अवघी अकरा वर्षे! मूळच्या सोळा कमानी, लांबी तीनशे मीटरहून अधिक. खांबांचे पाय वाहत्या पाण्याने खचू नयेत म्हणून प्रत्येक खांबाभोवती लाकडी खुंट्या ठोकून आणि दगड भरून एकेक लहानसे बेट केले. हा पूल इतका महत्त्वाचा मानला जाई, की त्याचा स्वतंत्र कारभारी असे, स्वतःची मोहोर असे आणि जकातीचे उत्पन्नही असे. पुढची आठशे वर्षे, म्हणजे १९३० च्या दशकापर्यंत, या शहरातून डॅन्यूब पुरी ओलांडायची तर हाच एक पूल होता.

पूल पुरा झाला आणि लगेच त्याची कसोटी लागली. ११४७ मध्ये दुसऱ्या क्रुसेडसाठी, म्हणजे धर्मयुद्धासाठी निघालेला राजा तिसरा कॉनराड आपले सैन्य घेऊन इथूनच पुढे गेला. ११८९ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा तिसऱ्या क्रुसेडसाठी निघाला, तोही रेगेन्सबुर्गहूनच. तो परत आला नाही. आशिया मायनरमधल्या एका नदीत त्याचा बुडून मृत्यू झाला.

या पुलाची एक आख्यायिका आहे. पूल बांधणाऱ्याची आणि कॅथेड्रल बांधणाऱ्याची पैज लागली, कोणाचे काम आधी पुरे होते याची. पूलवाला मागे पडू लागला, तेव्हा त्याने सैतानाची मदत घेतली. सैतानाने अट घातली, पुलावरून जे पहिले तीन जीव जातील ते माझे. पूल झाला. मग त्या चतुर गवंड्याने एक कोंबडा, एक कोंबडी आणि एक कुत्रा पुलावर सोडून दिला! संतापलेल्या सैतानाने पूल मोडायचा प्रयत्न केला, पण तो मोडला नाही, फक्त मधोमध वर उचलला गेला. पुलाला तो उंचवटा आहे खरा. पुलावर हाताची सावली डोळ्यांवर धरून कॅथेड्रलकडे पाहणाऱ्या माणसाचा एक छोटा पुतळाही आहे. कथा गोड आहे, पण तारखा आड येतात. आजच्या कॅथेड्रलचे काम १२७३ च्या आगीनंतर सुरू झाले. तोवर पूल सव्वाशे वर्षांचा झाला होता.

पुलाचा एक दोष मात्र खरा होता. खांबांभोवतीच्या बेटांमुळे नदीचे पात्र अडले, पाणी कमानींतून जोराने उसळू लागले आणि भोवरे तयार झाले. प्रवाहाविरुद्ध होडी वर चढवणे महाकठीण होऊन बसले. म्हणजे ज्या पुलाने रस्त्याचा व्यापार आणला, त्यानेच जलमार्ग अडवला. पुढे फार वर्षांनी यावर तोडगा निघाला तो पूल न मोडता. मोठी जहाजे जावीत म्हणून पुलाला वळसा घालणारा कालवा खणला. १९९२ मध्ये ऱ्हाइन, मेन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा पुरा झाला. तेव्हापासून उत्तर समुद्रातून काळ्या समुद्रापर्यंत जहाज जाऊ शकते, आणि ते या जुन्या पुलाला मान देऊन बाजूने जाते.

१२४५ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने रेगेन्सबुर्गला स्वातंत्र्याची सनद दिली. आता ते 'मुक्त साम्राज्यनगर' झाले. म्हणजे कोणा ड्यूकच्या हाताखाली नव्हे, थेट सम्राटाच्या छत्राखाली. पण या स्वातंत्र्याला एक विचित्र कड होती. पुलाच्या अलीकडे मुक्त नगर आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला श्टाट-आम-होफ नावाचे बव्हेरियाच्या ड्यूकचे गाव. नदी ही राज्याची सरहद्द आणि पूल हा सरहद्दीवरचा नाका. चहूबाजूंनी ड्यूकचा मुलूख, मध्ये हे एवढेसे नगर. पंधराव्या शतकात व्यापाराच्या वाटा बदलल्या. न्यूरेंबर्ग आणि आउग्सबुर्ग ही शहरे पुढे गेली. रेगेन्सबुर्ग कर्जात बुडाले, इतके की १४८६ मध्ये त्याने आपणहून बव्हेरियाच्या ड्यूकचे वर्चस्व पत्करले. सम्राटाला ते खपले नाही आणि १४९२ मध्ये त्याने नगर परत घेतले. स्वातंत्र्य परत मिळाले, पण तिजोरी रिकामीच राहिली.

आणि रिकाम्या तिजोरीच्या काळात माणसे गुन्हेगार शोधू लागतात. इथे या गावाच्या इतिहासातले सर्वांत काळे पान येते.

रेगेन्सबुर्गमध्ये ज्यू लोकांची वस्ती असल्याची नोंद इ. स. ९८१ पासून मिळते. बव्हेरियातली ती सर्वांत जुनी ज्यू वस्ती. बाराव्या शतकात पेटाखिया नावाचा इथला एक ज्यू प्रवासी बगदादपर्यंत जाऊन आला, त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध आहे. यहुदा हसीद हा मोठा धर्मचिंतक इथेच राहिला आणि १२१७ मध्ये इथेच वारला. गावाच्या अगदी मध्यावर त्यांची वस्ती होती, सिनेगॉग होते, विद्यापीठासारखी पाठशाळा होती. त्यांच्यावर सम्राटाचे संरक्षण होते, अर्थात त्या संरक्षणाची ते भरपूर किंमत मोजत होते.

गावाचा व्यापार बसला तसा राग या शेजाऱ्यांवर निघू लागला. त्याला धार दिली ती कॅथेड्रलच्या व्यासपीठावरून. बाल्थासार हुबमायर नावाचा प्रवचनकार तिथून आठवड्यामागून आठवडे ज्यूंविरुद्ध बोलत होता. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट माक्सिमिलियन वारला. नवा सम्राट निवडला जायचा होता, म्हणजे संरक्षण देणारा कोणी नव्हता. नगरपरिषदेने नेमकी ती वेळ साधली. फेब्रुवारीत सुमारे पाचशे ज्यूंना काही दिवसांच्या मुदतीत गाव सोडण्याचा हुकूम झाला. सिनेगॉग पाडले गेले, सारी वस्ती जमीनदोस्त झाली. दफनभूमीतले हजारो दगड उखडले गेले आणि गावातल्या घरांच्या भिंतींत बसवले गेले. काही तर मिरवण्यासाठी दर्शनी बाजूला.

चित्रकार आल्ब्रेख्ट आल्टडोर्फर हा त्या वेळी नगरपरिषदेचा सभासद होता. युरोपीय कलेत निसर्गचित्राच्या आरंभकाळातला हा थोर कलावंत. सिनेगॉग पाडण्यापूर्वी तो आत गेला आणि त्याने त्या वास्तूची दोन चित्रे कोरून ठेवली. एक आतल्या दालनाचे, दुसरे प्रवेशद्वाराचे. ज्या परिषदेने वास्तू पाडायचा ठराव केला, तिच्याच सभासदाने तिचे रूप जपले. आज त्या सिनेगॉगची कल्पना येते ती या चित्रांमुळेच. याला काय म्हणावे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

पाडलेल्या जागी सुंदर मेरीच्या नावाने एक देऊळ उभे राहिले आणि तिथे हजारो यात्रेकरूंची रीघ लागली. पण ते वैभव जेमतेम काही वर्षांचे. १५४२ मध्ये नगराने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला आणि त्याच जागेवरचे चर्च प्रोटेस्टंटांचे झाले. हुबमायरची कथा याहून विलक्षण. तो स्वतःच पुढे अनाबाप्टिस्ट, म्हणजे त्या काळच्या दृष्टीने पाखंडी, झाला. १५२८ मध्ये त्याला व्हिएन्नात जिवंत जाळले आणि तीन दिवसांनी त्याच्या पत्नीला गळ्यात दगड बांधून डॅन्यूबमध्ये बुडवले. जी नदी रेगेन्सबुर्गहून वाहत जाते, तीच ही.

सोळाव्या-सतराव्या शतकात या गावाला एक नवे महत्त्व आले. पवित्र रोमन साम्राज्याची परिषद इथे वारंवार भरू लागली. १६३० मध्ये सम्राट दुसरा फर्डिनांड अशाच एका सभेसाठी इथे मुक्कामाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या थंडीत एक आजारी, थकलेला गृहस्थ घोड्यावरून गावात आला. ग्रहांच्या गतीचे नियम जगाला देणारा योहानेस केपलर तो हाच. सम्राटाच्या दरबाराकडे त्याची सुमारे १२,००० गिल्डरची थकबाकी होती, ती वसूल करण्यासाठी तो आला होता. पैसे मिळाले नाहीत. १५ नोव्हेंबर १६३० रोजी तो इथेच वारला. तटाबाहेरच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत त्याला पुरले आणि तीस वर्षांच्या युद्धाच्या धुमश्चक्रीत ती दफनभूमीच उद्ध्वस्त झाली. ज्याने आकाशातल्या ग्रहांच्या जागा अचूक सांगितल्या, त्याची स्वतःची जागा मात्र कोणाला सांगता येत नाही. ज्या घरात तो वारला ते घर आज संग्रहालय आहे.

१६६३ मध्ये तुर्कांच्या स्वारीचा धोका निर्माण झाला म्हणून साम्राज्याची परिषद इथे बोलावली गेली. ती जी भरली, ती उठलीच नाही! १८०६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १४३ वर्षे ती चालू होती. इतिहासात तिला 'कायमची परिषद' असेच नाव आहे. राजे-रजवाडे स्वतः येणे बंद झाले आणि त्यांचे वकील इथे बिऱ्हाडे करून राहू लागले. गंमत अशी, की एकाच तटाच्या आत पाच निरनिराळी राज्ये नांदत होती. प्रोटेस्टंट नगर, कॅथलिक बिशप आणि तीन मठ, प्रत्येकाला साम्राज्यात स्वतंत्र स्थान! काम लांबणीवर टाकण्याला जर्मन भाषेत 'लांब बाकावर सरकवणे' म्हणतात. हा वाक्प्रचार या परिषदेच्या दालनातल्या बाकांवरून आला, असे इथले लोक कौतुकाने सांगतात. भाषेच्या अभ्यासकांच्या मते तो याहून जुना आहे. पण तो इथे चपखल बसतो, हे खरे. ज्या नगरभवनात परिषद भरे, त्याच्याच तळघरात गुन्हेगारांचा छळ करून जबाब घेण्याची खोली आहे. वर चर्चा, खाली यातना.

मग नेपोलियन आला. १८०६ मध्ये साम्राज्य विसर्जित झाले आणि परिषदही उठली. २३ एप्रिल १८०९ रोजी फ्रेंचांनी ऑस्ट्रियन सैन्याकडून हे शहर घेतले. त्या लढाईत नेपोलियनच्या पायाला गोळी चाटून गेली. शहराचा काही भाग आणि पलीकडचे श्टाट-आम-होफ जळाले. १८१० मध्ये रेगेन्सबुर्ग बव्हेरियात विलीन झाले. सहाशे वर्षे ज्याच्यापासून अंतर राखले, त्याच घरात शेवटी जावे लागले. म्युनिक राजधानी, रेगेन्सबुर्ग एक जिल्ह्याचे गाव.

आणि इथेच या गावाचे नशीब फळले, असे म्हटले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात ज्या शहरांकडे पैसा आला, त्यांनी आपले जुने वाडे पाडले, तट पाडले, रुंद रस्ते काढले, कारखाने उभारले. रेगेन्सबुर्गकडे पाडायला पैसा नव्हता. गरिबीने जे जपले ते श्रीमंतीला जपता आले नसते. मध्ययुगातले मनोरे, अरुंद गल्ल्या, चौक, सारे जसेच्या तसे राहिले. राजा पहिल्या लुडविगने एवढे मात्र केले, की कॅथेड्रलचे अपुरे मनोरे बांधायला चालना दिली. १८६९ मध्ये ते पूर्ण झाले, पाया घातल्यानंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी.

गावाच्या पुढच्या परीक्षेचा काळ आला तो विसाव्या शतकात. १९१२ मध्ये ज्यूंनी पुन्हा इथे सिनेगॉग बांधले होते. नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी ते जाळले. शहरात मेसरश्मिट विमानांचा कारखाना होता, त्यामुळे १७ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकन विमानांनी त्यावर मोठा हल्ला चढवला. त्या हल्ल्याचे मुख्य लक्ष्य कारखाना होता. जुना गाव बऱ्याच अंशी वाचला.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य जवळ आले. वरून हुकूम होता, शेवटच्या दगडापर्यंत शहर लढवायचे. २३ एप्रिलला, म्हणजे नेपोलियन आला होता त्याच तारखेला, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच दगडी पुलाच्या काही कमानी सुरुंगाने उडवल्या. त्याच संध्याकाळी शहरातल्या चौकात मोठा जमाव जमला. त्यात बायका बहुसंख्य होत्या. शहर शांतपणे शत्रूच्या हवाली करा, एवढीच त्यांची मागणी होती. कॅथेड्रलचा प्रवचनकार योहान मायर पुढे झाला आणि लोकांना शांत राहायला सांगत तीच विनंती बोलू लागला. बोलणे पुरे होण्यापूर्वीच त्याला पकडले. रातोरात खटल्याचा फार्स झाला आणि २४ एप्रिलच्या पहाटे योसेफ त्सिर्कल नावाच्या सामान्य नागरिकाबरोबर त्याला त्याच चौकात फाशी दिले. तीन दिवसांनी, २७ एप्रिलला, अमेरिकन सैन्य लढाईविना शहरात आले. म्हणजे मायर जे मागत होता तेच झाले.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी असे मला वाटते. १५१९ मध्ये शेजाऱ्यांना हाकलून लावा असे सांगणारा हुबमायर आणि १९४५ मध्ये माणसे वाचवा असे सांगणारा मायर, दोघेही याच कॅथेड्रलचे प्रवचनकार. पद तेच, व्यासपीठ तेच, समोर घाबरलेले गावही तसेच. शब्द कोणते निघाले, त्यावर सारा फरक पडला. इतिहासात परिस्थितीचा वाटा मोठा असतो, हे खरे. पण तोंडातून काय काढायचे, हे परिस्थिती ठरवत नाही.

युद्धानंतर शहराचे नशीब पुन्हा पालटले. १९६२ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. पुढे पोप झालेले योझेफ रात्सिंगर तिथे १९६९ ते १९७७ या काळात प्राध्यापक होते. १९८६ मध्ये बीएमडब्ल्यूचा मोटार कारखाना आला. पैसा आला, तसा धोकाही आला, कारण आता पाडायला पैसा होता. पण तोवर लोकांचा जुन्या वास्तूंकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलू लागला होता. १९७३ मध्ये बव्हेरियाने वारसा-संरक्षणाचा कायदा केला. जुनी घरे दुरुस्त झाली, त्यांत माणसे राहू लागली. २००६ मध्ये युनेस्कोने रेगेन्सबुर्गचा जुना भाग श्टाट-आम-होफसह जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. एके काळी नाक्याच्या दोन टोकांना परस्परांकडे संशयाने पाहणारी ही दोन गावे, आता एका नावाने वारशाच्या यादीत आहेत. पुलावरून आधी मोटारींना आणि २००८ मध्ये बसनाही बंदी झाली. त्यानंतर त्याची सावकाश दुरुस्ती होऊन २०१८ मध्ये तो पुन्हा पुरता खुला झाला. आज त्यावरून फक्त पायी किंवा सायकलीने जाता येते.

पुलाच्या दक्षिण टोकाला, जुन्या मिठाच्या कोठाराशेजारी, भाजलेल्या सॉसेजचे एक चिमुकले भटारखाने आहे. कित्येक पिढ्यांपासून ते चालू आहे. नदीला पूर आला की पाणी सर्वांत आधी त्याच्या दारात शिरते. त्याच्या भिंतीवर निरनिराळ्या वर्षांच्या पुरांच्या पातळ्यांच्या खुणा आहेत. २०१३ च्या जूनमध्ये मोठा पूर आला, २०२४ च्या जूनमध्येही शहरात आपत्ती जाहीर करावी लागली. पाणी ओसरले की मालक चिखल उपसतात, चूल पेटवतात आणि भिंतीवर एक रेघ वाढते. नदीने केलेले नुकसान लिहून ठेवायला या गावाने कधी कुचराई केली नाही.

माणसांनी केलेल्या नुकसानीची रेघ ओढायला मात्र फार काळ लागला. १९९५ ते १९९७ या काळात नॉयफार-प्लात्स या चौकात उत्खनन झाले. तिथेच कधी काळी ज्यू वस्ती होती. घरांची तळघरे, सिनेगॉगचा पाया आणि सहाशेहून अधिक सोन्याच्या नाण्यांचा एक ठेवा जमिनीतून वर आला. कोणीतरी ती नाणी पुरून ठेवली होती, नंतर परत येऊन काढण्याच्या आशेने. २००५ मध्ये इस्रायली शिल्पकार दानी कारावान याने पांढऱ्या दगडात सिनेगॉगचा आराखडा त्याच जागेवर जमिनीलगत साकारला. त्याला भिंती नाहीत, छप्पर नाही, कुंपण नाही. लोक त्यावर बसतात, मुले त्यावरून उड्या मारतात. १५१९ पासून २००५ पर्यंत, एक रेघ ओढायला ४८६ वर्षे!

१९३८ मध्ये जाळलेल्या सिनेगॉगच्या जागेवर नवे सिनेगॉग उभे राहिले आणि २७ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पाचशे वर्षांपूर्वी याच महिन्यात, याच गावातून त्या लोकांना बाहेर काढले होते. ते परत आले, आणि या वेळी गावाने त्यांना दार उघडून दिले. दगडी पूल अजून उभा आहे याचे श्रेय गवंड्यांना, चुनखडीला आणि थोडेसे गरिबीलाही द्यावे लागेल. पण या उघडलेल्या दाराचे श्रेय कोणत्याही दगडाला देता येणार नाही. ते काम गावातल्या माणसांचेच.